ज्यांचं घरात कुणी ऐकत नाही

चिमणराव हा घरातला कर्ता पुरुष. संसाराचा सगळा भार त्याच्या खांद्यावर, आणि घरात त्याचं कुणी म्हणजे कुणी ऐकत नाही. बायको काऊ ऐकत नाही, मुलगा मोरू ऐकत नाही, आणि सोटा घेऊन फिरणारा गुंड्याभाऊ तर कुणाचंच ऐकण्यासाठी जन्माला आलेला नाही. चिं. वि. जोशींनी हा माणूस लिहिला. चिं. वि. म्हणजे बडोद्याला पाली शिकवणारे गाढे पंडित. दिवसभर बौद्ध ग्रंथांत बुडालेल्या माणसानं इतका साधा, इतका भाबडा, स्वतःला फार व्यवहारी समजणारा मध्यमवर्गीय ब्राह्मण इतक्या मायेनं कसा रंगवला असेल याचं मला कायम नवल वाटत आलं आहे.

त्या लेखनातली खरी गंमत अशी की चिमणराव स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतो. आपली फजिती झाली हे त्याला पुष्कळदा कळतच नाही. तो गंभीरपणे सांगत जातो आणि वाचक त्याच्या खांद्यावरून पलीकडचं बघत हसतो. आता हे टीव्हीवर आणायचं कसं? पडद्यावर तर ‘मी’ राहत नाही. कॅमेरा चिमणरावाला बाहेरूनच बघणार आणि बाहेरून बघितलं की तो नुसता बावळट दिसण्याची भीती. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव’ मालिका आली तेव्हा हा प्रश्न ज्याला सोडवायचा होता तो नट तिशीतला होता. नाव दिलीप प्रभावळकर. जन्म 4 ऑगस्ट 1944 चा. शिक्षण विज्ञानाचं, नोकरी औषध कंपनीतली आणि नाटकाचं वेड आधीपासूनचं.

मी त्या मालिकेच्या वेळी जन्मलेही नव्हते. माझ्यापर्यंत चिमणराव आला तो आईच्या तोंडून. आईचं लहानपण गिरगावातल्या चाळीतलं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 1972 मध्ये, पण मजल्यावर टीव्ही एकाच बिऱ्हाडात होता, लाकडी शटरवाला. मालिकेच्या वेळेला त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. पुढे पोरं, मागे खुर्च्यांवर वडीलधारी आणि दारात, पदराला हात पुसत, स्वयंपाक अर्धा टाकून आलेल्या बायका. आई सांगते की चिमणराव दिसला की दारातल्या बायका आधी हसायच्या आणि पुरुषांना हसू यायला थोडा वेळ लागायचा. का, ते ती सांगत नाही, पण न सांगताच कळतं.

नंतर जे काही थोडं बघायला मिळालं ते मी पुन्हा पुन्हा बघितलं. प्रभावळकरांचे ते आवळलेले खांदे, वाक्याच्या सुरुवातीला ठाम आणि शेवटाला जाईपर्यंत पातळ होणारा आवाज, काहीतरी ठणकावून सांगायला उचललेलं आणि मध्येच निराधार झालेलं बोट. बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ शेजारी उभा राहिला की हा आणखी आक्रसतो. बारीक आणि जाड्या अशी जोडी विनोदात जुनीच. त्यात नुसतं उंची-रुंदीचं गणित मांडलं तरी हशा मिळतो. कर्वे आणि प्रभावळकर त्यावर भागवत नाहीत. गुंड्याभाऊच्या दांडगाईमागे चिमणरावावरचा जीव दिसतो आणि चिमणरावाच्या भित्रेपणामागे, आपण या घराचे आधारस्तंभ आहोत ही प्रामाणिक समजूत. प्रभावळकर चिमणरावाला हसत नाहीत. ते त्याच्यावर विश्वास ठेवतात. पुस्तकातला हरवलेला ‘मी’ त्यांनी असा चेहऱ्यावर आणला. बाळ कर्वे 2025 मध्ये गेले, त्या दिवशी आईनं मला फोन करून फक्त “गुंड्याभाऊ गेला गं” एवढंच सांगितलं.

अशी भूमिका नटाला गिळून टाकते. रस्त्यात लोक त्याच नावानं हाक मारतात, निर्माते तोच कोट आणि तीच टोपी घेऊन येतात आणि नट पुढची पंचवीस वर्षं तेच करत राहतो. मराठीत अशी उदाहरणं कमी नाहीत आणि त्यात दोष बहुतेक वेळा नटाचा नसतो. पोट असतं. प्रभावळकर यातून निसटले याचं एक कारण मला त्यांच्या सुरुवातीतच दिसतं. चिमणरावाच्या आधीच त्यांनी रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यात ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण केली होती. मतकरींच्याच ‘आरण्यक’मध्ये विदूर केला होता. एकीकडे पोरांना किंचाळायला लावणारी चेटकीण आणि दुसरीकडे महाभारतातला तो शहाणा, सगळं आधी कळलेला आणि कुणीच न ऐकलेला विदूर. ज्यानं उमेदवारीच्या काळात ही दोन्ही टोकं पाहिली, त्याला एका कोटात बसवणं अवघडच होतं.

विदूर हा शब्द लिहिला आणि थांबले. कारण मला या लेखात जे सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं. प्रभावळकरांच्या ज्या भूमिका माझ्या मनात राहिल्या त्या सगळ्या एका ओळीत उभ्या केल्या तर त्यांत एक गोष्ट समान निघते. ही सगळी अशी माणसं आहेत, ज्यांचं कुणी ऐकत नाही. विदुराचं राजा ऐकत नाही. चिमणरावाचं बायको-पोरं ऐकत नाहीत. ‘चौकट राजा’तल्या नंदूचं तर ऐकण्यासारखं काही असेल असंच कुणाला वाटत नाही. सत्ता नसलेली, आवाज बसलेली, घराच्या किंवा गावाच्या कडेला सरकलेली माणसं. त्यांना हसणं सगळ्यात सोपं. विनोदी नटाला तर ते आयतं ताटात वाढलेलं असतं. या नटानं ते ताट आयुष्यभर नाकारलं, म्हणून मला ते मोठे वाटतात.

‘चौकट राजा’ 1991 चा. दिग्दर्शन संजय सूरकर यांचं, निर्मिती स्मिता तळवलकर यांची. नंदू लहानपणी पडतो, मेंदूला इजा होते, वय वाढतं आणि आतलं मूल तिथंच थांबतं. बालमैत्रीण मोठी होऊन, लग्न होऊन परत शेजारी येते आणि तिला बघून नंदूच्या आयुष्यात आनंद नावाची गोष्ट पुन्हा येते. भूमिका केली तेव्हा प्रभावळकर पंचेचाळिशी ओलांडलेले होते. तोतरं बोलणं, मान वाकडी, हातवारे, हे सगळं अशा भूमिकांत नट करतातच आणि बक्षिसंही मिळवतात. नंदूमध्येही ते आहे. माझं लक्ष मात्र दर वेळी त्या जागांकडे जातं, जिथे नंदूबद्दल त्याच्यासमोरच बाकीचे बोलत असतात. मोठी माणसं बोलताहेत, नंदू उभा आहे. त्याला शब्द कळत नाहीत, पण आवाजाची पट्टी कळते. कुणी चिडलंय, कुणी आपल्यामुळे रडतंय, एवढं कळतं. चेहऱ्यावर काहीतरी जमा होत जातं आणि सुटका म्हणून तो हसून बघतो. सुलभा देशपांडे त्यात आई आहेत. या दोघांचे प्रसंग बघताना अभिनय चाललाय हे मी विसरून जाते. ‘नातीगोती’ या जयवंत दळवींच्या नाटकात प्रभावळकर पलीकडच्या बाजूला होते, मतिमंद मुलाचा बाप म्हणून. एकाच दुःखाच्या दोन्ही बाजू आतून पाहिलेला दुसरा नट मला आठवत नाही.

मग ‘हसवाफसवी’. हे नाटक त्यांनी स्वतःच लिहिलं आणि त्यात सहा भूमिका स्वतः केल्या. चिमण वखारे, नाना पुंजे, बॉबी मॉड, दीप्ती लुकतुके, प्रिन्स वांटुंग पिंटुंग आणि कृष्णराव हेरंबकर. नाटकाचे शेकडो प्रयोग झाले. एक पात्र आत जातं आणि काही मिनिटांत वेगळी चाल, वेगळा आवाज, वेगळं वय घेऊन दुसरं बाहेर येतं. लोक या चपळाईबद्दल भरभरून बोलतात. बोलावंच. विंगेत किती माणसांची धावपळ चालत असेल, विग आणि कपडे किती सेकंदांत बदलावे लागत असतील, हे ज्यांनी हौशी नाटकात कधी प्रॉम्प्टिंग जरी केलंय त्यांना कळेल.

पण मला त्यातल्या दीप्ती लुकतुकेबद्दल बोलायचंय. पुरुषानं साडी नेसली की आपल्याकडे हशा ठरलेला. हल्ली टीव्हीवर स्किटचे कार्यक्रम लागतात, त्यांत दर आठवड्याला कुणीतरी पदर खोचून, मिशी तशीच ठेवून, कंबर हलवत येतो. पुढे बसलेले परीक्षक खुर्चीत मागे रेलून हसतात. त्या विनोदात बाई हाच विनोद असतो, आणि मला तो मुळीच आवडत नाही. मी मुलींना घेऊन तो बघत नाही. दीप्ती लुकतुके बाई आहे म्हणून हसायला येत नाही. ती दीप्ती लुकतुके आहे म्हणून येतं. तिचा तोरा, तिचं स्वतःबद्दलचं मत, तिची घाई हे सगळं तिचं आहे. बालनाट्यातल्या चेटकिणीपासून हा नट बायकांच्या भूमिका करतोय आणि एकदाही त्यानं बाईपणाला टपली मारलेली मला दिसली नाही.

आणि कृष्णराव हेरंबकर. जुन्या संगीत नाटकांच्या काळातला थकलेला गायक नट. नाटकभर पोट धरून हसलेलं प्रेक्षागृह या म्हाताऱ्यापाशी येऊन हळूहळू बदलतं. आधी त्याच्या विसरभोळेपणावर हसू येतं, मग हसताना आपल्यालाच कसंसं होतं आणि शेवटी ते घरातलं कुणीतरी वाटू लागतं. बालगंधर्वांच्या नंतरच्या पिढीतले असे नट महाराष्ट्रात खरोखर होते. कंपन्या बुडाल्या, बोलपट आले आणि ही माणसं कुठल्या तरी गावात जुन्या पदकांसह राहिली. त्यांची नक्कल करणं अगदी सोपं होतं. प्रभावळकरांनी त्यांना मान दिला. हसवाफसवीच्या शेवटी प्रेक्षक उभे राहायचे ते सहा भूमिकांसाठी की एकट्या कृष्णरावांसाठी, हे मला कधी ठरवता आलेलं नाही.

मध्ये चित्रपट बरेच झाले. त्यातल्या सगळ्यांवर लिहिण्याची मला इच्छा नाही, कारण मराठी चित्रपटानं या माणसाला बराच काळ रंगभूषेच्या हौसेपायी बोलावलं. पांढरी दाढी लावा, कुबड द्या, भूत करा. भूत म्हणून ते काही वेळा छान दिसले, ‘पछाडलेला’तले इनामदार भुसनळे अजून पोरांना आवडतात. पण त्या हौसेतून एक सोनं निघालं, ते म्हणजे तात्या विंचू. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ 1993 चा. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज प्रभावळकरांचा. आमच्या पिढीतल्या मुलांनी त्यानंतर कित्येक रात्री बाहुल्या कपाटावर, तोंड भिंतीकडे करून ठेवल्या. त्या आवाजात ओरडा फार कमी आहे. खरखरीत, आतल्या आत हसणारा, घाई नसलेला आवाज. भीती त्या सावकाशीची वाटते. पुढे ‘एन्काऊंटर: द किलिंग’मधला पुनाप्पा आणि ‘सरकार राज’मधले रावसाहेब बघताना तीच सावकाशी पुन्हा भेटली. ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांचे आवाज या नटानं आयुष्यभर शोधले, म्हणूनच, मला वाटतं, ज्यांचं सगळ्यांना ऐकावंच लागतं अशा माणसांना आवाज चढवायची गरज नसते हे त्यांना पक्कं कळलं.

आता टिपरे.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ अल्फा मराठीवर 2001 मध्ये सुरू झाली आणि 2005 पर्यंत चालली. मूळ लेखन प्रभावळकरांचंच, ‘अनुदिनी’ नावाच्या सदरातलं. दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. आबा टिपरे, मुलगा शेखर म्हणजे राजन भिसे, सून श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, नात शलाका म्हणजे रेश्मा नाईक आणि नातू शिऱ्या म्हणजे विकास कदम. पाच माणसं आणि एक घर. बास. त्या काळी हिंदी वाहिन्यांवर दागिन्यांनी मढलेल्या सासवा-सुना रोज रात्री एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावर तीन-तीनदा आपटत होता. टिपऱ्यांकडे काय घडायचं? कुणीतरी रुसायचं. पाहुणे यायचे. शेखरला काहीतरी सुचायचं आणि ते फसायचं. शलाका भावुक व्हायची, शिऱ्या तिला चिडवायचा. श्यामलाचा आवाज वर जायचा. आणि आबा हे सगळं डायरीत लिहायचे.

आबा म्हणजे निवृत्त माणूस. घर आता मुलगा चालवतो. आबांना विचारलं जातं, पण निर्णय झाल्यावर. ही जागा भारतातल्या लाखो घरांत आहे आणि टीव्हीनं तिच्यासाठी तोपर्यंत दोनच नमुने ठेवले होते. एक, गरजणारा, संस्कारांवर भाषण देणारा कुटुंबप्रमुख. दुसरा, कोपऱ्यात खोकणारा दयनीय म्हातारा. आबा दोन्ही नाहीत. त्यांना अजून गंमत वाटते. नातवाच्या लबाड्यांत ते हळूच सामील होतात, सुनेची बाजू तिच्या नकळत सावरतात, मुलाचा मोठेपणा राखण्यासाठी कधी स्वतःकडे कमीपणा घेतात. आणि कधी कधी स्वतःच पोरासारखे हट्ट करतात, चुकीचे, अगदी न शोभणारे. प्रभावळकर तेव्हा 57 वर्षांचे होते, आबा त्यांच्यापेक्षा बरेच मोठे. चाल थोडी जड, बसताना टेकायला काहीतरी शोधणारा हात. पण डोळे? डोळे सगळ्या घरात सर्वांत तरुण.

इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चिं. विं.चा चिमणराव ‘मी’ म्हणून बोलणारा, आणि आबांची डायरीही ‘मी’ म्हणूनच लिहिलेली. पण चिमणरावाच्या मालिकेत जो ‘मी’ चेहऱ्यातून शोधावा लागला होता, तो इथे आवाजात मिळाला. पडद्यावर घरातला गोंधळ दिसतो आणि वर आबांचा आवाज तो गोंधळ लिहून ठेवतो. या दोन मालिकांत जवळपास पाव शतकाचं अंतर. पहिल्यातला कर्ता पुरुष, ज्याला वाटतं की घर आपण चालवतो. दुसऱ्यातला म्हातारा, ज्याला नक्की माहीत आहे की घर आता आपण चालवत नाही, आणि त्याचं दुःख नाही. पुण्यातल्या जुन्या वळणाच्या बिऱ्हाडापासून मुंबईच्या ब्लॉकपर्यंतचा मराठी मध्यमवर्गाचा प्रवास एकाच नटाच्या अंगातून असा झाला. यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आमच्या डोंबिवलीच्या घरी तेव्हा आजोबा होते. रेल्वेतून निवृत्त झालेले. तेही डायरी लिहायचे, एलआयसीची मरून रंगाची, दर वर्षी ओळखीचा एजंट आणून द्यायचा ती. आम्हाला कुणालाच त्यात काय असतं याची उत्सुकता नव्हती. दुधाचा हिशेब असेल, एवढंच धरून चाललो होतो. टिपरे लागायला लागल्यावर काही आठवड्यांनी आई एकदा जेवताना त्यांना म्हणाली, “नाना, आज काय लिहिलंत आमच्याबद्दल?” आजोबा इतके खूश झाले की त्यांनी ताटावरून उठून डायरी आणली. त्यात लिहिलं होतं की पाणी आज पाऊण तास उशिरा आलं, अण्णा साठेकाकांचा फोन आला, सूनबाईंना ऑफिसातून यायला साडेआठ झाले, लोकल रखडली असावी, चेहरा ओढलेला होता, विचारलं नाही. आई वाचता वाचता थांबली. नंतर तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं, आमच्यासाठी, मोठ्यानं. “विचारलं नाही.” त्या दिवसापासून आमच्याकडे आजोबांना संध्याकाळी एक प्रश्न ठरलेला असायचा, आणि त्यांना उत्तर द्यायला कधी कधी अर्धा तास लागायचा. आम्ही बसून ऐकायचो. कंटाळा यायचा, तरी ऐकायचो. एखादी मालिका घरात काय करू शकते हे मला कुणी विचारलं तर मी हे सांगते.

2006 मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला आणि ज्यांनी टिपरे कधी ऐकलेही नव्हते त्यांनी प्रभावळकरांना गांधी म्हणून पाहिलं. त्या वर्षी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या चित्रपटासाठी आणि ‘शेवरी’ या मराठी चित्रपटासाठी मिळून मिळाला. गांधींची भूमिका म्हटली की नट पुतळा होतो. जपून चालतो, जपून बोलतो, प्रत्येक शब्द शिलालेखासारखा. इथे गांधी फक्त मुन्ना नावाच्या एका टपोरी गुंडाला दिसतात, बाकी कुणालाच दिसत नाहीत. म्हणजे पुन्हा तेच. सबंध शहरात, सबंध देशात एक जण त्यांचं ऐकतोय, तोही सुरुवातीला स्वतःच्या कामापुरता. प्रभावळकरांनी हे गांधी आबांच्या अगदी शेजारी नेऊन बसवले. हसरे, चिवट, समोरच्याला वेळ देणारे. मुन्ना बडबडत असतो आणि बापू ऐकत असतात. ते ऐकणं इतकं मन लावून असतं की मुन्ना जे बोलेल त्यातलं खोटं त्याचं त्यालाच टोचायला लागतं. हिंदी प्रेक्षकांना हे नवं वाटलं असेल. आम्हाला ते ओळखीचं होतं. ते आम्ही चार वर्षं आमच्या हॉलमध्ये पाहत होतो.

ऐकणं, हीच मला त्यांच्या अभिनयाची खरी ताकद वाटते. वाक्य फेकण्याचा विनोद आपल्याकडे भरपूर आहे आणि त्यात दिग्गज होऊन गेले. टायमिंग, शब्दांच्या कोट्या, अचानक बदललेला सूर, यावर मराठी प्रेक्षक जीव टाकतो. प्रभावळकरांना तेही येतं. पण त्यांचा सर्वांत चांगला विनोद दुसरा बोलत असताना घडतो. समोरच्याचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचतं, आत जातं, कुठेतरी लागतं आणि मग चेहऱ्यावर येतं. या मधल्या क्षणात प्रेक्षक हसायला लागतो, ते काही बोलायच्या आधीच. त्यामुळे ज्या नटांना प्रत्येक क्षणी आपल्याकडे कॅमेरा हवा असतो, त्यांच्यासोबतही ते छान दिसतात.

‘नारबाची वाडी’तला नारोबा आणि नंतर 2018 च्या सुमाराला पुन्हा उभं राहिलेलं ‘आरण्यक’, त्यात पुन्हा विदूर, रवी पटवर्धनांच्या धृतराष्ट्रासमोर. चाळीसहून अधिक वर्षांनी तीच भूमिका, आता रंगवायची गरज नसलेल्या वयात. इतक्या वर्षांनी कुणीतरी हे नाटक पुन्हा करायचं ठरवलं याबद्दल आपण सगळ्यांनी कृतज्ञ राहायला हवं.

आणि मग 2025 च्या सप्टेंबरात ‘दशावतार’. दिग्दर्शन सुबोध खानोलकर यांचं. प्रभावळकर 81 वर्षांचे. बाबुली मेस्त्री हा कोकणातला दशावतारी कलावंत, दृष्टी अधू होत चाललेली, मुलगा सांगतोय की आता पुरे करा. सिंधुदुर्गात, गोव्याच्या सीमेपर्यंत जत्रेच्या रात्री दशावतार पाहिलेल्यांना त्या रंगपटातला तेलाचा आणि रंगाचा वास पडद्यावरूनही आला असेल. सुरुवातीला मला वाटलं, चला, पुन्हा एक माणूस, ज्याचं घरात ऐकलं जात नाही. पुढे मात्र हा म्हातारा ऐकून घेण्याच्या पलीकडे जातो. तो अवतार घेतो. चिमणराव, नंदू, आबा यांनी जे कधीच केलं नाही ते बाबुली करतो, आणि मला थिएटरमध्ये एकाच वेळी आनंद आणि अस्वस्थता अशी दोन्ही वाटली. इतकी वर्षं या नटाच्या मवाळ माणसांवर मी प्रेम केलं. त्यातल्या एकानं शेवटी हात उचलला. उचलायला हवा होता का, यावर माझं आणि नवऱ्याचं घरी येईपर्यंत भांडण झालं. तो म्हणाला, उचलायलाच हवा होता, कोकणची जमीन चालली आहे. मी अजून ठरवू शकलेले नाही.

माझा भाचा आमच्यासोबत होता, चौदा वर्षांचा. त्याला प्रभावळकर माहीत होते ते तात्या विंचू म्हणून, मोबाईलवरच्या मीममधून. बाबुली आणि तात्या विंचू एकच माणूस हे त्याला पटेना. घरी आल्यावर मी त्याला टिपऱ्यांचा एक भाग लावून दिला. शिऱ्या त्याला लगेच आवडला. शेवटी मात्र तो म्हणाला, “मावशी, आबा तर काहीच करत नाहीत. नुसते बसलेत.” मी भाग मागे नेला, श्यामला शेखरवर चिडून बोलत असते तिथे, आणि त्याला म्हटलं, आता बोलणाऱ्यांकडे बघू नकोस, मागे खुर्चीत बसलेत त्यांच्याकडे बघ. त्यानं बघितलं, हसला, आणि स्वतःच आणखी दोनदा मागे नेलं.